अण्णांच्या आवाजाच्या तीन कॉप्या

आमच्या नात्यात माझी नोकरी नेमकी काय आहे ते कुणाला कधी कळलं नाही. 'कंपनीत आहे, कॉम्प्युटरवर,' एवढं सांगितलं की लोकांचं समाधान व्हायचं. आईचं होत नसे. ती खोदून खोदून विचारायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "अगं, अमेरिकेत एक विमा कंपनी आहे. तिची जी माहिती कॉम्प्युटरमध्ये असते, तिची आम्ही रोज आणखी एक प्रत काढतो आणि दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवतो. उद्या इथे आग लागली तरी त्यांचं काही जाऊ नये म्हणून." आईनं जरा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे दुसऱ्यांचं सामान सांभाळायचं." मला ते लागलं. घरातली पहिली इंजिनिअर मी. विमाननगरकडे काचेच्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या, गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवून मी रोज तिकडे जात होते, आणि आई मला गोदामाचा वॉचमन ठरवून मोकळी झाली. आज त्या कामाची याहून खरी व्याख्या मला सुचत नाही.

परक्या लोकांच्या पॉलिस्या, त्यांचे पत्ते, त्यांच्या मोडलेल्या गाड्यांचे फोटो, सगळं मी सांभाळलं. त्यातलं अक्षरही हरवलं नाही. माझ्या वडिलांचा आवाज तेवढा हरवला. तो कसा होता ते मला लिहिता येत नाही. ऐकवता आला असता तर लिहायला बसलेच नसते.

अण्णा पोस्टात होते. दिवसभर पत्रांची छाननी करायची आणि संध्याकाळी घरी येऊन पेटी काढायची. येरवड्यातल्या आमच्या वस्तीत त्यांची गायन पार्टी होती. जयंतीला, धम्मदीक्षेच्या दिवशी, कुणाच्या घरी बारसं असलं तरी अण्णांना बोलावणं यायचं. गाणी स्वतः रचायचे आणि कुठेही लिहून ठेवायचे नाहीत. "लिहिलं की गाणं अडकतं," म्हणायचे. समोर बायका जास्त असल्या तर एक कडवं बदलायचे, तरुण पोरं असली तर दुसरं. आज ऐकलेलं गाणं उद्या तसंच ऐकू येईल याची खात्री नसायची. आवाज भरदार वगैरे नव्हता. थोडा चिरकाच होता. पण वर चढायचा तेव्हा मागे बसलेली, गप्पा मारणारी माणसं आपोआप गप्प व्हायची, हे मी लहानपणापासून बघत आले होते.

तोच आवाज बसला. आधी सर्दी म्हणून सोडून दिलं. मग ज्येष्ठमध, मग मिठाच्या गुळण्या, मग आईच्या मैत्रिणीनं सांगितलेला कसला तरी काढा. शेवटी मी जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर मोजकं बोलणारे. तपासण्या झाल्यावर म्हणाले, "स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज वाचणार नाही." अण्णांनी शांतपणे विचारलं, "थोडासाही नाही?" डॉक्टर म्हणाले, "नाही." बाहेर आल्यावर अण्णा मला म्हणाले, "चला, पोस्टात तरी आवाज लागतो कुठे." मी हसले नाही. रिक्षात बसल्यावर ते बाहेरच्या बाजूला तोंड करून घरापर्यंत तसेच बसून राहिले.

ऑपरेशनला थोडे दिवस होते. मी बुधवार पेठेत गेले आणि एक बरा मायक्रोफोन घेऊन आले. कॉम्प्युटर घरी होता, तोही बुधवार पेठेतूनच सुटे भाग जोडून घेतलेला. आमच्या दोन खोल्यांत आतल्या खोलीत त्याचं टेबल होतं. पंखा बंद केला, खिडकीला गोधडी लावली आणि अण्णांना समोर बसवलं. आवाज बसका होता, पण होता. गाता येईल तेवढं गायले. दम लागला की थांबून बोलायचे. हे गाणं कधी रचलं, कुणाच्या दारात पहिल्यांदा म्हटलं, कुणी नाक मुरडलं, सगळं.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. अण्णांनी घसा साफ केला, कार्यक्रमात करतात तसं "जयभीम मंडळी" म्हणून सुरुवात केली आणि आई चहा घेऊन आत आली. "गार होतोय," म्हणाली.

"अगं, रेकॉर्डिंग चालू आहे. गप बस जरा."

"मी कुठे काय बोलले? चहाचं बोलले."

"चहाचं पण बोलू नकोस."

"मग ओतून देऊ का मोरीत?"

"तू ना, माझा आवाज गेल्यावर एकटीच भांडत बसशील. कोण उत्तर देणार तुला?"

आईनं कप टेबलावर ठेवला. मग दोघंही एकदम हसायला लागले, अण्णांना हसता हसता ठसका लागला, आणि आई पदर डोळ्याला लावून निघून गेली. मी तेवढा तुकडा पुसायला निघाले होते. अण्णा म्हणाले, "राहू दे. तिचं पण असू दे त्यात."

ऑपरेशन झालं. अण्णांच्या गळ्याला भोक आणि त्यावर पांढरा रुमाल, हे आमच्या घराला सवयीचं झालं. बोलायला पाटी आली. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्रही मिळालं होतं. अण्णांनी ते एकदा लावून आईला हाक मारली. भांडं घासल्यासारखा घरघराट निघाला. आई स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. अण्णांनी यंत्र खोक्यात घालून टाकलं आणि पुन्हा कधी काढलं नाही.

आता त्या रेकॉर्डिंगची राखण करणं आलं. इथे मी माझं सगळं शहाणपण पाजळलं. जेवताना ताटावर बसून दोघांना समजावलं, की कॉम्प्युटरमध्ये एकच प्रत असणं म्हणजे काहीच नसण्यासारखं. निदान तीन कॉप्या हव्यात. एक घरात, एक घराबाहेर, आणि एक गावाबाहेर. पुण्याला काही झालं तरी दुसऱ्या गावी उरली पाहिजे. अण्णांना हे फार पटलं. सरकारी माणूस, प्रती काढायची आवड रक्तातच. त्यांनी पाटीवर लिहिलं, "घर. पिंपरी. नागपूर." पिंपरीला मावशी होती, तिचे यजमान कारखान्यात होते. नागपूरला आत्या. मी सीड्यांचे तीन संच केले, चांगल्यातल्या सीड्या, प्रत्येक वेगळ्या प्लॅस्टिकच्या डबीत. हात लावताना कडेला धरत होते. ऑफिसात आम्हाला तसं शिकवलं होतं.

पुढचं काम आईनं हातात घेतलं. तिच्या आईचं एक पांढरं लुगडं होतं, दीक्षेच्या वेळी नेसलेलं. त्याच्या फाटक्या पदरातून तिनं तीन पिशव्या शिवल्या. प्रत्येकीत एकेक संच घातला, वर मूठभर डांबरगोळ्या टाकल्या आणि तोंड शिवून टाकलं. आमच्याकडे मोलाची वस्तू अशीच ठेवतात. पैठणी नव्हतीच कधी घरात, पण जे होतं ते, लुगडं, शाली, जातीचा दाखला, अण्णांची नेमणुकीची ऑर्डर, सगळं लोखंडी पेटीत आणि डांबरगोळ्यांत. त्याला कारण होतं. आईच्या आईवडिलांचा एकुलता एक फोटो कसरीनं खाल्ला होता. फ्रेम उघडली तेव्हा आजोबांचा चेहराच नव्हता. तेव्हापासून आईचा कशावरच विश्वास नव्हता, फक्त डांबरगोळ्यांवर होता.

मी बघितलं आणि हसले. आमच्या ऑफिसातल्या सूचनांत सगळं होतं. धूळ नको, ऊन नको, ओल नको, लोहचुंबक जवळ नको. डांबरगोळ्यांचं कुणी लिहिलं नव्हतं. त्या सूचना लिहिणाऱ्या लोकांनी आपला डेटा कधी आजीच्या लुगड्याशेजारी ठेवला नसणार.

पिशव्या रवाना झाल्या. मावशीला आईनं बजावलं, "उघडायची नाही हं, पेटीत तळाशी ठेव." आत्यानं नागपूरहून फोन करून सांगितलं, की पोचली, आपल्या सोन्याच्या शेजारी ठेवली आहे. तिचं सोनं म्हणजे दोन बांगड्या, पण ठेवली खरी.

ते रेकॉर्डिंग आम्ही ऐकलं मात्र कधीच नाही. आई ऐकू देईना. एकदा मी कॉम्प्युटरवर लावायला गेले तर माझा हात धरला. "समोर माणूस जिवंत बसलाय आणि तू पेटीतून त्यांचा आवाज काढणार? मेलेल्या माणसाचं करतात तसं? अजिबात नको. वेळ येईल तेव्हा ऐकू." अण्णांनीही मान हलवली. मग मीही नाद सोडला.

काही वर्षांनी कॉम्प्युटर बसला. आतली डिस्क टकटक करायची आणि पुढे काही नाही. बुधवार पेठेतल्या दुकानदारानं उघडून बघितली आणि माझ्यासमोर ठेवली. "ह्यात ओरखडे पडलेत मॅडम. ह्यातून आता काही निघायचं नाही. काही महत्त्वाचं होतं का?" मी ताठ मानेनं सांगितलं, "आहे आमच्याकडे बॅकअप. तीन ठिकाणी." तो म्हणाला, "वा, पहिलंच गिऱ्हाईक बघतोय असं." मला फार बरं वाटलं. दगडूशेठच्या गर्दीतून बसस्टॉपपर्यंत मी अगदी रुबाबात चालत गेले.

माझं लग्न झालं, मी वडगाव शेरीला राहायला गेले. अण्णा निवृत्त झाले. मग एका वर्षी जयंतीच्या आधी त्यांच्या पार्टीतली माणसं घरी आली. तीही आता पिकली होती. त्यांना अण्णांची गाणी पुन्हा बसवायची होती, पण चाली आठवत होत्या आणि शब्द निम्मे गेले होते. "रेकॉर्डिंग आहे ना ताई तुमच्याकडे?" मी म्हटलं, "आहे की."

आई विहारात वंदनेला गेली होती. अण्णा आणि मी पेटी उघडली, तळातून पिशवी काढली आणि टाके उसवले. वासानं डोळ्यांत पाणी आलं. आत हात घातला तर डब्या वेगळ्या होईनात. एकमेकींना चिकटून त्यांचा ठोकळा झाला होता. प्लॅस्टिक चिकट, पांढुरकं, जागोजागी खड्डे पडलेलं. मी सुरीनं एक डबी सोडवली, आणि सीडीचा चकचकीत थर झाकणालाच चिकटून राहिला. माझ्या हातात नुसती पारदर्शक चकती आली. तिच्यातून मला अण्णांचे गुडघे दिसत होते.

दुसरी काढली, तिसरी काढली. तेच. मी अण्णांना म्हटलं, "घाबरू नका, मावशीकडे आहे." घाबरलं कोण होतं, हे त्यांना दिसतच होतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून पिंपरीला गेले. मावशीनं पेटीतून पिशवी काढली आणि कौतुकानं सांगितलं, "तुझ्या आईनं एकदाच टाकल्या होत्या. मी दर दिवाळीला शिवण थोडी उसवून नव्या टाकते. तुझ्या वडिलांची वस्तू, हयगय नको." मी पिशवी उघडली. एक डांबरगोळी डबीच्या झाकणात अर्धी रुतून बसली होती. प्लॅस्टिक तिच्याभोवती विरघळून पुन्हा घट्ट झालं होतं. तेव्हा मला कळलं काय झालंय ते. डांबरगोळ्यांच्या वाफेनंच डब्या आणि सीड्या खाल्ल्या होत्या. मावशी विचारत होती, "आहे ना नीट?" मी म्हटलं, "आहे, मावशी. अगदी नीट ठेवलंस." आणि तिच्या हातचा चहा पिऊन परत आले. बसमध्ये मला इतका राग आला होता की शेजारच्या बाईनं जरा सरका म्हटलं तर मी तिच्यावर खेकसले. राग कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. सगळ्यांनी सांगितलेलं ऐकलं होतं. घर, पिंपरी, नागपूर. कुणी काही हरवलं नाही, कुणी उघडं टाकलं नाही. तीन गावांत तीन बायकांनी सारखंच जपलं होतं.

नागपूरचं पार्सल आलं तेव्हा मला काही आशा नव्हती, आणि तरी घेऊन येताना रस्त्यातच उघडलं. विदर्भाच्या उन्हाळ्यानं बाकीचं काम केलं होतं. तो ठोकळा तर सुरीनंही सुटला नाही. ऑफिसातल्या एका हुशार सहकाऱ्यालाही दाखवला. तो म्हणाला, "थरच राहिला नाही तर वाचायचं काय?" बरोबरच होतं त्याचं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि खाली जाऊन विमा कंपनीची माहिती असलेल्या टेपची तपासणी केली. ती नेहमीप्रमाणे उत्तम निघाली.

अण्णांना मी सगळं सांगितलं. लपवायचं कसं, ते माझ्या तोंडाकडेच बघत होते. पिंपरीची डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी खड्ड्यात रुतलेली गोळी पाहिली, बोटानं चाचपून पाहिली. ओठ हलले, सवयीनं. मग पाटी घेतली आणि लिहिलं, "हिला सांगू नकोस." मी म्हटलं, "अण्णा, ती विचारेलच कधीतरी." त्यांनी तेच वाक्य हातानं पुन्हा ठोकलं, मग पुसलं. आई त्याही दिवशी विहारात गेली होती; इतके दिवस पेटीत दडवलेली उसवलेली पिशवी त्यांनी काढली आणि सुईदोरा मागून घेतला. आमच्या घरची पिशवी त्यांनी स्वतः शिवली, आईचे टाके होते त्याच भोकांतून, चष्मा कपाळावर सारत, डोळे बारीक करत. त्यांना शिवणकाम येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत लागले. आई विहारातून आली तेव्हा पिशवी पेटीच्या तळाशी होती आणि अण्णा पेपर वाचत होते. पार्टीतल्या माणसांना मी सांगितलं, की मशीन बिघडलंय, नंतर बघू. ती नंतर विचारायला आली नाहीत.

त्यानंतर अण्णा फार दिवस राहिले नाहीत. दुखणं फुप्फुसात उतरलं. शेवटी शेवटी आई त्यांच्या उशाशी बसून एकटीच बोलत असायची, आणि ते ऐकायचे. एकदा मला दारात बघून त्यांनी हातानं खूण केली. पाटी मागत असतील म्हणून मी ती पुढे केली, तर त्यांनी लिहायला नकार दिला. बोट ओठांवर ठेवलं आणि आईकडे बघितलं. मी हो म्हटलं.

अण्णा गेले, आणि त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. पार्टीतली माणसं आली होती, मावशी आली होती, आत्याही आली होती. भन्तेजी यायचे होते. आई पांढरी साडी नेसून भिंतीशी बसली होती. सकाळपासून ती रडली नव्हती. तिनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "आता काढ ती पिशवी. आता वेळ आली."

मी म्हटलं, "आई, आज नको. गडबड आहे."

"आजच. लोकांसाठी गाणी लाव. मला गाण्यांचं एवढं नाही गं. ते चहाचं भांडण आहे ना त्यात, तेवढं मला लावून दे. ते मला उत्तर देतात त्यात. मी इतकी वर्षं त्यावर थांबले."

मी उठले नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, मग स्वतः उठली, आतल्या खोलीत गेली आणि पेटी उघडली. मी मागोमाग गेले. पिशवी मांडीवर घेऊन ती टाके उसवू लागली. दोरा हातात धरून थबकली, म्हणाली, "हे माझे टाके नाहीत." तिनं पुढचे टाके उसवले आणि आत हात घातला. तो चिकट ठोकळा बाहेर काढला. उलटासुलटा करून पाहिला. सुटलेल्या चकत्या एकेक करून उजेडात धरल्या. बाहेरून माणसांची कुजबुज ऐकू येत होती. मग तिनं पिशवी उलटी करून मांडीवर झटकली. त्यातून काहीच पडलं नाही. गोळ्या केव्हाच उडून गेल्या होत्या, नुसता वास उरला होता.

"खराब झालं का गं सगळं?"

"सीड्याच खराब निघाल्या, आई. त्या वेळचा मालच तसा होता. मावशीकडच्या, आत्याकडच्या, सगळ्याच गेल्या." हे वाक्य मी कधीपासून तयार ठेवलं होतं.

तिनं माझं ऐकल्यासारखं वाटलं नाही. रिकाम्या पिशवीचा कोपरा न् कोपरा ती बोटानं चाचपत होती.

"एकसुद्धा गोळी उरली नाही बघ," ती म्हणाली. "कसर लागली. मीच कमी टाकल्या गोळ्या. आणखी दोन मुठी टाकल्या असत्या तर राहिला असता त्यांचा आवाज."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. ती माझ्याकडे बघत थांबली होती, आणि मला अण्णांचं ओठांवर ठेवलेलं बोट आठवलं.